न शिवलेली माती : चंद्राच्या पृष्ठभागाचं रसायन आणि अनुमानप्रमाण



मागच्या खेपेला अनुमानप्रमाणावर बोलून झालं, तेव्हा मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, डोंगरावरचा धूर आणि त्यावरून ओळखलेला अग्नी, हे उदाहरण आम्ही पन्नास वर्षं ऐकतोय. तुमच्या शास्त्राला दुसरा डोंगर सापडला नाही का?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर प्रश्न बोचत राहिला. म्हणून आज दुसरा डोंगर घेऊन आलो आहोत. तो इथून सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे आणि तिथे धूर नाही, कारण हवाच नाही.

आम्ही रसायनशास्त्राचे विद्यार्थी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आमचं सगळं आयुष्य तत्त्वज्ञानाच्या वर्गात गेलं. पण 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' हा प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. चंद्राची माती हातात न घेता तिच्यात लोह किती, ॲल्युमिनियम किती, पाणी आहे की नाही, हे सांगणाऱ्यांना तोच प्रश्न विचारायचा आहे, एवढंच.

सुरुवात एका फजितीपासून करू. ऑग्युस्त कोंत हा फ्रेंच तत्त्वज्ञ. त्यानं १८३५ साली असं प्रतिपादन केलं की आकाशस्थ गोलांचा आकार, अंतर, गती हे आपल्याला कळू शकेल, पण ते कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत हे कोणत्याही उपायानं कधीच कळणार नाही. कोंत १८५७ साली वारला. दोनच वर्षांनी हायडेलबर्गमध्ये किर्खहोफनं सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा पाहून तिथे सोडियम आहे असं जाहीर केलं. बुन्सेन त्याच्या जोडीला होता, तोच प्रयोगशाळेतल्या बर्नरवाला बुन्सेन.

वर्गात आम्ही हा किस्सा वर्षानुवर्षं सांगितला आणि मुलांना हसवलं. आता वाटतं, कोंतवर आम्ही थोडा अन्याय केला. त्याचं गृहीतक मूर्खपणाचं नव्हतं. द्रव्य ओळखायचं तर ते जाळावं लागतं, विरघळवावं लागतं, तोलावं लागतं. म्हणजे हात लावावा लागतो. त्याच्या काळचं सगळं रसायनशास्त्र असंच चालत होतं. हात लावल्याशिवाय द्रव्य कळतं असं म्हणणाऱ्यानं हाताच्या जागी काय ठेवलं, हे सांगितलं पाहिजे. ही जबाबदारी टाळता येत नाही.

नैयायिकांचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. हाताच्या जागी व्याप्ती ठेवायची. जिथे धूर तिथे अग्नी, हा नियत संबंध आधी कुठेतरी जवळून पाहिलेला असतो. कुठे? त्यांचं ठरलेलं ठिकाण म्हणजे स्वयंपाकघर. चुलीपाशी धूर आणि अग्नी दोन्ही एकत्र दिसतात, संबंध पक्का होतो, मग डोंगरावर फक्त धूर दिसला तरी चालतं.

चंद्राच्या बाबतीत हे स्वयंपाकघर कोणतं? १९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगड आणि माती आणली. सोव्हिएत लूना यानांनी आणली ती थोडी, तीनशे-सव्वातीनशे ग्रॅमच्या घरात. ही आपली चूल. हे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांत वाटले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटानंही त्यातल्या काहींवर काम केलं. तेव्हा कोंतला अभिप्रेत असलेला हात लागला, तो इथे. जाळून, विरघळवून, तोलून झालं.

त्यात काय निघालं? आपण पौर्णिमेला जे काळे डाग पाहतो, ज्याला कुणी ससा म्हणतं, कुणी हरिण, तो बेसाल्ट आहे. म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा फत्तर, त्याचा चुलतभाऊ म्हणा. लोह जास्त, काही ठिकाणी टायटॅनियमही बरंच. बेसाल्टमध्ये उल्कापातानं झालेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. त्यातलं ठळक विवर आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आहे, म्हणून चंद्राचे अभ्यासक तिथे येत असतात. डागांभोवतीचा जो उजळ भाग, तो वेगळा. तो मुख्यतः ॲनॉर्थोसाइट नावाच्या पांढुरक्या खडकाचा. त्यात कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम भरपूर, लोह अगदी कमी. असा खडक तमिळनाडूत सित्तमपुंडीला आहे आणि चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी लागणारी 'चंद्राची माती' त्याचाच चुरा करून बनवली होती.

अपोलो ११ च्या मातीत या पांढऱ्या खडकाचे बारीक कण सापडले. यान उतरलं होतं काळ्या भागात, पण आघातांनी लांबून उडून आलेले हे कण तिथे पडले होते. त्या मूठभर कणांवरून एक फार मोठी कल्पना मांडली गेली: चंद्र जन्मला तेव्हा वरचा थर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, त्यात हलकं खनिज साईसारखं वर तरंगलं आणि जड खाली बसलं. साय म्हणजे हा पांढरा खडक. आता बघा, मूठभर कणांवरून अख्ख्या गोलाबद्दल विधान. चार्वाक इथे मोठ्यानं हसला असता. तुम्ही एका चुलीपाशी बसून सगळ्या डोंगरांबद्दल कसं बोलता?

म्हणून वरून पाहणं भाग पडलं. दूरसंवेदनाचं कारण कुतूहल आहेच, पण त्याहून जास्त ही तार्किक अडचण आहे.

वरून पाहण्याच्या वाटा दोन-तीन आहेत. पहिली क्ष-किरणांची, आणि ती आम्हाला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात न्यायशास्त्र उघडउघड दिसतं. सूर्याकडून क्ष-किरण येतात. चंद्रावर हवा नसल्यामुळे ते थेट मातीवर पडतात. अणूच्या अगदी आतल्या कप्प्यातला एखादा इलेक्ट्रॉन ते उडवून लावतात. रिकाम्या जागी वरच्या कप्प्यातला इलेक्ट्रॉन खाली येतो आणि येताना ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण बाहेर टाकतो. ही ऊर्जा मूलद्रव्यागणिक वेगळी: मॅग्नेशियमची १.२५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट, ॲल्युमिनियमची १.४९, सिलिकॉनची १.७४, कॅल्शियमची ३.६९, लोहाची ६.४०. ॲल्युमिनियम कुठल्याही दगडात असो, भांड्यात असो, रेषा १.४९ लाच येणार. यापेक्षा चांगली व्याप्ती आम्ही तरी पाहिलेली नाही. अपोलो १५ आणि १६ च्या यानांनी १९७१-७२ मध्ये घिरट्या घालता घालता हे मोजलं. ॲल्युमिनियमचं प्रमाण काळ्या भागावरून उजळ भागाकडे जाताना वाढतं आणि मॅग्नेशियमचं कमी होतं, हे दिसलं. पण ते सगळं विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यापुरतं.

आता ओलं लाकूड. तुम्हाला आठवत असेल, धुरावरून अग्नी सांगता येतो, पण अग्नीवरून धूर सांगता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला ओलं इंधन लागतं. या अटीला उपाधी म्हणतात. म्हणून 'धूर नाही, म्हणजे अग्नी नाही' असंही म्हणता येत नाही. चंद्रावर अगदी हेच होतं. लोहाचा आतला इलेक्ट्रॉन उडवायला ७.१ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचा क्ष-किरण हवा. सूर्य शांत असला की असे किरण जवळजवळ येतच नाहीत. मातीत लोह आहे, पण रेषा नाही. सौरज्वाला भडकली की काही मिनिटं रेषा दिसते आणि विझते. म्हणजे सौरज्वाला हे ओलं लाकूड.

चांद्रयान-१ श्रीहरिकोट्याहून २२ ऑक्टोबर २००८ रोजी गेलं. त्यावर ब्रिटनच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेनं इस्रोच्या सहकार्यानं बनवलेलं क्ष-किरण उपकरण होतं. उपकरण उत्तम होतं. पण सूर्य तेव्हा असा काही झोपला होता की कित्येक दशकांत तसा झोपला नव्हता. ज्वाला मोजक्याच मिळाल्या, त्याही बहुतेक लहान. त्यात ऑगस्ट २००९ अखेर यानाशी संपर्कच तुटला, दोन वर्षांची अपेक्षित मोहीम ३१२ दिवसांत आटोपली. चूल आहे, सरपण आहे, पण लाकूड ओलं नाही. काय करणार!

पुढे चांद्रयान-२ वर बंगळुरूला बनवलेलं 'क्लास' हे मोठ्या क्षेत्रफळाचं उपकरण गेलं. शंभर किलोमीटर उंचीवरून ते एका वेळी साधारण साडेबारा किलोमीटर लांबी-रुंदीचा तुकडा पाहतं. आणि एक शहाणपणाची गोष्ट केली, म्हणजे चांद्रयान-१ वरही ती होतीच: त्याच यानावर दुसरं एक उपकरण सूर्याकडे तोंड करून बसवलं. ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं. चंद्रावरून येणारी रेषा किती प्रखर आहे हे मोजताना, त्याच क्षणी सूर्यानं किती मारा केला हेही मोजायचं. उपाधी नाहीशी करता येत नाही, पण तिच्यावर पाळत ठेवता येते. आमच्या मते आजच्या व्याख्यानातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

इथे थोडं विषयांतर करतो, रागावू नका. सप्टेंबर २०१९ मधली ती मध्यरात्र तुम्हाला आठवते. विक्रम लँडर शेवटच्या दोनेक किलोमीटरवर असताना संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीत, बँकेत, भाजीवाल्यापाशी, सगळीकडे एकच वाक्य: चांद्रयान फसलं. आम्हीही तेच म्हणालो, खोटं कशाला बोला. ऑर्बिटर वर शांतपणे फिरत होता याची आम्हाला दखलही नव्हती. एक वर्षाचं आयुष्य गृहीत धरलेला तो ऑर्बिटर पुढे अनेक वर्षं काम करत राहिला. सूर्य हळूहळू जागा झाला, ज्वाला मिळू लागल्या आणि क्लासनं क्रोमियम आणि मँगनीज यांच्या पुसट रेषाही टिपल्या. २०२२ मध्ये चंद्रावरच्या सोडियमचा नकाशा प्रसिद्ध झाला. सोडियमची रेषा १.०४ ला, मॅग्नेशियमच्या अगदी शेजारी. दोघांना वेगळं ओळखणं हेच अवघड काम. जो हात लावायला गेला त्याच्यासाठी आपण रडलो, आणि जो लांबून बघत होता त्याला विसरलो. प्रत्यक्षाचा मोह आपल्या सगळ्यांनाच असतो.

गॅमा किरणांबद्दल थोडक्यात सांगतो. थोरियम, पोटॅशियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं स्वतःच गॅमा किरण सोडतात, त्यांना सूर्याची गरज नाही. क्ष-किरण मातीचा केसाएवढा थर सांगतात. गॅमा किरण काही दशसेंटिमीटर खोलीचं सांगतात. १९९८ मध्ये गेलेल्या लूनर प्रॉस्पेक्टरनं थोरियमचा नकाशा काढला आणि एक धक्का दिला. थोरियम चंद्रावर सारखं पसरलेलं नाही. आपल्याला दिसणाऱ्या बाजूच्या पश्चिम भागात त्याचा साठा आहे. आणि अपोलो याने उतरली ती बहुतेक या भागात किंवा त्याच्या आसपास. म्हणजे आपलं स्वयंपाकघर जरा वेगळंच होतं. तिथला धूर वेगळ्या लाकडाचा. चार्वाक अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

आता दुसरी मोठी वाट, प्रकाशाची. चंद्रावरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबींना मोजायचा. क्ष-किरण मूलद्रव्य सांगतात. हा प्रकाश खनिज सांगतो. फरक लक्षात घ्या. पीठ, पाणी, मीठ एवढंच सांगितलं तर भाकरी की पुरी हे कळत नाही. पायरॉक्सिन हे खनिज एक आणि दोन मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश गिळतं, ऑलिव्हिन एकच्या आसपास पसरट खळगा दाखवतं, प्लॅजिओक्लेज १.२५ ला बारीकसा. अमेरिकेच्या क्लेमेंटाइन यानानं १९९४ मध्ये काढलेल्या चित्रांवरून पॉल ल्यूसी आणि सहकाऱ्यांनी लोहाचा जवळजवळ अख्ख्या चंद्राचा नकाशा केला. यात घोळ असा की लोह असलं की माती काळवंडते, पण नुसती जुनी झाली तरीही काळवंडते. सौरवारा आणि सूक्ष्म उल्का तिला सतत रापवत असतात. काळेपणा हा हेतू दोघांना समान. त्यांनी दोन तरंगलांबी एकमेकींसमोर मांडून रापणं आणि लोह वेगळं केलं, आणि आकडे अपोलोच्या नमुन्यांशी जुळवून घेतले. लोहाला ही युक्ती छान लागू पडली. टायटॅनियमला तशी नाही: लूनर प्रॉस्पेक्टरच्या न्यूट्रॉन मापनाशी ताडून पाहिलं, तेव्हा काही ठिकाणी प्रकाशावरून काढलेलं टायटॅनियम जास्त भरलं होतं.

आणि मग पाणी. चांद्रयान-१ वर नासाचं 'एम-थ्री' नावाचं उपकरण होतं, प्रमुख शास्त्रज्ञ कार्ली पीटर्स. त्याला तीन मायक्रोमीटरच्या जवळ एक खळगा दिसला, ध्रुवांकडे जास्त ठळक. ही हायड्रॉक्सिलची किंवा पाण्याची खूण. त्यांनी ताबडतोब जाहीर केलं नाही. चंद्र कोरडा आहे हे सर्वमान्य होतं. अपोलोच्या नमुन्यांत पाण्याचा अंश दिसला तर तो पृथ्वीवरच्या हवेतला समजला जाई. मग शनीकडे निघालेल्या कॅसिनीनं १९९९ मध्ये वाटेत चंद्राची घेतलेली निरीक्षणं पाहण्यात आली, आणि २००९ च्या जूनमध्ये डीप इम्पॅक्ट यानानंही तेच पाहिलं. तिन्हीकडे खळगा होता. सप्टेंबर २००९ मध्ये तिन्ही निबंध एकत्र आले आणि आपल्याकडे पेपरांत मथळे झळकले: चंद्रावर पाणी!

मथळा हेतूच्या पुढे गेला होता. तीन मायक्रोमीटरचा खळगा ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या बंधाचा. तो बंध पाण्यात आहे आणि नुसत्या हायड्रॉक्सिलमध्येही आहे. न्यायाच्या भाषेत अनैकान्तिक हेतू, दोन्ही घरी जेवणारा. त्याहून वाईट म्हणजे एम-थ्रीची नजर तीन मायक्रोमीटरलाच संपत होती, आणि दुपारी तापलेली माती स्वतःच त्या भागात उष्णतेचे किरण सोडते, खळगा भरून काढते. तेव्हा दुपारी पाणी खरंच कमी होतं, की नुसतं झाकलं जातं? उष्णता वजा करायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. त्याच निरीक्षणांवरून एका गटानं म्हटलं दिवसभरात बदल होतो, दुसऱ्यानं म्हटलं फारसा होत नाही. एकच धूर, दोन निष्कर्ष, आणि दोघंही प्रामाणिक.

पाण्याची स्वतःची खूण सहा मायक्रोमीटरला आहे. तिथे हायड्रोजन-ऑक्सिजन-हायड्रोजन हा कोन लवतो, आणि हायड्रॉक्सिलला असा कोनच नसतो. ही खूण सोफिया या दुर्बिणीनं पाहिल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. ती बोइंग ७४७ विमानात बसवली होती, कारण पृथ्वीच्या हवेतल्या बाष्पाच्या वर जायला हवं. क्लेव्हियस विवराच्या परिसरात दर दहा लाख भागांत साधारण १०० ते ४०० भाग पाणी निघालं. तळं नाही, ओल नाही. मातीच्या कणांत अडकलेले रेणू. पण या वेळी 'पाणी' हा शब्द हक्कानं वापरता आला. अकरा वर्षं लागली. आम्हाला ही अकरा वर्षं मथळ्यापेक्षा जास्त मोलाची वाटतात.

शेवटी वात्स्यायनाकडे येतो. न्यायसूत्रांच्या भाष्यात त्यानं एक प्रसंग कल्पिला आहे. कुणी भरवशाचा माणूस सांगतो, तिकडे अग्नी आहे. आपण चालत जातो, धूर दिसतो, अनुमान होतं. आणखी जवळ जातो, अग्नी डोळ्यांनी दिसतो. एकाच विषयावर अनेक प्रमाणं येऊन मिळतात. बौद्ध तर्कपंडितांना हे मान्य नव्हतं; प्रत्येक प्रमाणाचा विषय वेगळा, असं दिङ्नागाचं म्हणणं. आम्ही पूर्वी दिङ्नागाच्या बाजूनं झुकत होतो. चंद्रानं आम्हाला वात्स्यायनाकडे परत ढकललं.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिणेकडे सुमारे ६९ अक्षांशावर उतरलं. प्रज्ञान रोव्हर शंभरेक मीटर चाललं आणि त्यातल्या २३ ठिकाणी थांबून त्यानं मातीच्या अगदी जवळ उपकरण नेलं. इतक्या दक्षिणेला याआधी कुणी मातीजवळ जाऊन तिचं रसायन पाहिलेलं नव्हतं. उत्तर आलं: ॲनॉर्थोसाइटच्या जातीची माती, तीच साय. १९६९ च्या मूठभर कणांवरून केलेलं अनुमान तिथेही टिकलं. मॅग्नेशियमवाली खनिजं मात्र अपेक्षेपेक्षा थोडी जास्त. जवळच्या दक्षिण ध्रुव-एटकेन या प्रचंड खोऱ्याच्या आघातात खालून उसळलेला माल त्यात मिसळला असावा, असं संशोधकांनी सुचवलं. आणि २०२४ मध्ये चीनच्या चांग-ई ६ नं त्याच खोऱ्यातून, म्हणजे पलीकडच्या बाजूनं, सुमारे १९३५ ग्रॅम माती पृथ्वीवर आणली. नवीन चूल पेटली म्हणायची.

आता मागच्या रांगेतले ते गृहस्थ विचारतील, रोव्हरनं जवळ जाऊन पाहिलं ते तरी प्रत्यक्ष होतं ना? नव्हतं. उपकरणात क्युरियमचा कण आहे. तो मातीवर मारा करतो, माती रेषा सोडते, रेषेवरून मूलद्रव्य. वरून जे अनुमान होतं तेच, फक्त काही सेंटिमीटरवरून, आणि ओलं लाकूड या वेळी आपण घरून बांधून नेलेलं. सूर्य जागा आहे की झोपलाय, हे बघावं लागलं नाही.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ, आणि ते गृहस्थ आले असतील तर पहिला प्रश्न त्यांचा.